हिरड्यांतलं रक्त आणि रक्तातली साखर: तोंडातल्या जिवाणूंपासून इन्शुलिन रेझिस्टन्सपर्यंत, आणि तिथून परत

हिरड्यांचा आजार बराच वाढलेला असतो तेव्हा सगळ्या दातांभोवतीच्या खोबणींच्या आतलं सुजलेलं, सोलवटलेलं अस्तर मोजलं, तर ते साधारण ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतं. एवढी जखम पायावर असती, तर मधुमेह असलेल्या माणसाने ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवली असती. तोंडातली जखम मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते. ती दुखत नाही, आरशात दिसत नाही, आणि थुंकीतून आलेल्या थोड्या रक्ताचा दोष ब्रशच्या कडकपणाला देऊन आपण मोकळे होतो.

ही जखम साखरेशी कशी जोडलेली आहे आणि ती भरून काढायला काय, कोणत्या क्रमाने करायचं, हे इथे सविस्तर मांडतो. तुम्हाला मधुमेह किंवा प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, असेल, पोटाचा घेर वाढलेला असेल, किंवा औषधं नियमित घेऊनही एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्तातला आकडा, एका जागी अडून बसला असेल, तर हे काम तुमच्यासाठी आहे. थेट पायऱ्यांवर उडी मारू नका. आधी कारण समजलं, तर पायऱ्यांचा क्रम असाच का, हे आपोआप कळेल.

खोबणीत नेमकं काय घडतं

१६८३ साली आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने स्वतःच्या दातांवरचा पांढरट थर खरवडून भिंगाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे इवले जीव दिसल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. माणसाच्या तोंडात सापडणाऱ्या जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती आज माहीत आहेत. एका माणसाच्या तोंडात त्यातल्या बऱ्याच कमी असतात आणि बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगी असतात. म्हणून 'तोंड निर्जंतुक करा' हा सल्ला मुळातच चुकीचा आहे.

अडचण सुरू होते ती थर साचून राहिल्यावर. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली एक साधा, पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर त्या बऱ्या झाल्या. हिरड्यांची पहिल्या टप्प्यातली सूज पूर्ण उलटवता येते, हे तेव्हा सिद्ध झालं.

दुर्लक्ष झालं तर हा थर हिरडीखाली उतरतो. तिथे प्राणवायू कमी असतो आणि सुजलेल्या हिरडीतून प्रथिनयुक्त द्रव झिरपत असतो. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला या त्रिकुटाला अशी जागा मानवते. त्यांचा भर साखरेवर नसून प्रथिनांवर असतो. पॉर्फिरोमोनासला तर वाढीसाठी रक्तातलं लोह लागतं. थोडक्यात, सूज आणि रक्तस्राव हेच त्यांचं अन्न आहे. शरीर त्यांना हुसकावण्यासाठी दाह वाढवतं आणि त्याच दाहावर ते पोसतात. हे चक्र आपोआप थांबत नाही, थर बाहेरून काढावाच लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

तोंडातून साखरेपर्यंतचे तीन रस्ते

पहिला रस्ता थेट रक्ताचा. खोबणीचं अस्तर फाटलेलं असलं, की साधं चावताना किंवा ब्रश करतानाही जिवाणू आणि त्यांच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, रक्तात शिरतात. दुसरा रस्ता निरोपांचा. हिरडीतल्या पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही दाहाची रसायनं तयार करतात. ती रक्तात मिसळली, की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं. तिसरा रस्ता घशाचा. आपण दिवसाला लिटरभर किंवा त्याहून जास्त लाळ गिळतो आणि तिच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. उंदरांना पॉर्फिरोमोनास तोंडावाटे दिल्यावर त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटली आणि इन्शुलिनचा परिणाम कमी झाला, असं प्रयोगांत दिसलं आहे. माणसाच्या बाबतीत मात्र मी पहिल्या दोन रस्त्यांवर जास्त भर देईन, कारण तिथला पुरावा अधिक भक्कम आहे.

आता इन्शुलिन. इन्शुलिन पेशीच्या दारावरची घंटा वाजवतं. आत आयआरएस-१ नावाचं प्रथिन तो निरोप पुढे नेतं आणि शेवटी ग्लूट-४ ही वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. टीएनएफ-अल्फा वाढलं, की आयआरएस-१ वर चुकीच्या जागी फॉस्फेट चिकटतं आणि निरोप अर्ध्यात अडखळतो. घंटा वाजते, दार नीट उघडत नाही. हेच इन्शुलिन रेझिस्टन्स. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओततं. यकृतालाही 'आता साखर बनवणं थांबव' हा निरोप नीट पोचत नाही, म्हणून रात्रभर काही न खाताही सकाळची साखर वाढलेली दिसते. चरबीच्या ऊतीतल्या टीएनएफ-अल्फाचा इन्शुलिन रेझिस्टन्सशी असलेला संबंध १९९३ मध्ये प्राण्यांवरच्या संशोधनातून पुढे आला. हिरड्या हा त्याच रसायनाचा आणखी एक झरा.

आणि हा रस्ता दुहेरी आहे. साखर जास्त राहिली, की प्रथिनांना साखर चिकटून तयार होणारे पदार्थ ऊतींत साचतात, पांढऱ्या पेशींचं काम बिघडतं, जखम उशिरा भरते, दातांना धरून ठेवणारं हाड लवकर झिजतं. वर उल्लेख केलेल्या लो यांनीच १९९३ मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं.

किती फायद्याची अपेक्षा ठेवायची

हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे भ्रमनिरास होणार नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. हिरड्यांच्या उपचारानंतर ३ ते ४ महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्क्यांनी, तर वर्षभराने ०.५० टक्क्यांनी खाली आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या २६४ रुग्णांपैकी सखोल उपचार मिळालेल्यांचा एचबीए१सी वर्षाअखेर दुसऱ्या गटापेक्षा ०.६ टक्क्यांनी कमी होता. उलट, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ५१४ जणांच्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी काहीच फरक दिसला नाही. तिथे उपचारानंतरही अनेकांच्या तोंडात थर आणि रक्तस्राव शिल्लक होता, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. मला तो पटतो, कारण त्यातून पुढच्या कामाची दिशा मिळते: नुसती 'सफाई करून घेतली' हे पुरेसं नाही, दाह खरंच उतरला का, हे पाहावं लागतं.

अर्ध्या टक्क्याची घट ही लहान गोष्ट नाही. अनेकदा एक गोळी वाढवून तेवढंच मिळतं. पण ती गोळीच्या, आहाराच्या आणि चालण्याच्या जोडीला मिळते, त्यांच्या जागी नाही.

उलट टोकालाही जाऊ नका. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करून अनेक आजारांचं खापर तोंडातल्या संसर्गावर फोडलं. पुढची काही दशकं असंख्य लोकांचे दात विनाकारण उपटले गेले. मधुमेह बरा करायला दात काढा, असं कुणी सांगितलं, तर दुसऱ्या दंतवैद्याचा सल्ला घ्या.

पायरी १: घरी, आरशासमोर

चांगल्या उजेडात ओठ वर करून पाहा. निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगलेली असते, तिची कड पातळ असते. फुगीर, चकचकीत, लालसर-जांभळी कड म्हणजे दाह. ब्रश किंवा फ्लॉस (दातांच्या फटींतून फिरवायचा दोरा) करताना रक्त येतं का, तोंडाला वास येतो का, दात लांब दिसू लागलेत का, फटी वाढल्यात का, चावताना एखादा दात हलतो का, हे लिहून ठेवा.

तंबाखू घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. धूम्रपानाने हिरडीतून रक्त येणं दबून जातं. रक्त येत नाही याचा अर्थ हिरड्या ठीक आहेत असा होत नाही. आत हाड झिजत असतं आणि इशारा देणारी खूणच गायब असते.

रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना रक्त जरा जास्त येऊ शकतं, पण सुरुवात बहुधा दाहापासूनच होते. ती औषधं स्वतःहून बंद करू नका. पू, गालावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास असेल, तर ही यादी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पायरी २: मोजून घ्या

बरेच जण ही पायरी गाळतात. दंतवैद्याकडे 'दात साफ करून द्या' एवढंच म्हणू नका. 'सगळ्या दातांच्या खोबणींची खोली मोजून चार्ट करून द्या' असं स्पष्ट म्हणा. बारीक, खुणा केलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. १ ते ३ मिलिमीटर निरोगी. ४ पासून पुढे लक्ष हवं. ६ किंवा जास्त म्हणजे आजार खोल गेला आहे. सोबत किती ठिकाणी रक्त आलं, त्याची टक्केवारी मागा. १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं. हाड किती उरलंय, हे एक्स-रेवर दिसतं.

त्याच आठवड्यात एचबीए१सी करा. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे मधुमेह. तपासणी अलीकडे झाली असेल तर तोच आकडा धरा. इन्शुलिन रेझिस्टन्सचा अंदाज हवा असेल, तर उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि उपाशीपोटीची साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) यांचा गुणाकार करून ४०५ ने भागतात. याला होमा-आयआर म्हणतात. प्रत्येकाला त्याची गरज नाही, आणि एकाच प्रयोगशाळेतले आकडे एकमेकांशी ताडून पाहायलाच ते बरं. दाह दाखवणारी सीआरपीची तपासणी करायची तर सर्दी-ताप नसताना करा, नाहीतर आकडा भलतंच सांगेल.

हे सगळं एका कागदावर, तारखेसह ठेवा. मधुमेहाच्या डॉक्टरांना चार्ट दाखवा, दंतवैद्याला एचबीए१सी सांगा. २०१७ मध्ये ठरलेल्या जागतिक वर्गीकरणात हिरड्यांचा आजार किती वेगाने वाढेल, हे ठरवताना एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त आहे का, हे विचारात घेतलं जातं. म्हणजे तुमचा आकडा दंतवैद्याच्या कामाचा आहे. त्यांनी विचारला नाही, तर तुम्ही सांगा.

पायरी ३: रोजचं काम, आणि तेही आधी

खोल सफाईच्या आधी किमान दोन आठवडे घरची स्वच्छता नीट बसवा. कारण सोपं आहे: दंतवैद्य तासाभरात जे काढतील, त्याचा मऊ थर काही तासांतच पुन्हा धरू लागतो.

मऊ केसांचा ब्रश घ्या. तो दात आणि हिरडी जिथे भेटतात, तिथे तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवा आणि जागच्या जागी लहान लहान हालवा. दोन-तीन दात झाले की पुढे सरका. आतली, जिभेकडची बाजू विसरू नका, किटण, म्हणजे कडक झालेला थर, तिथेच जास्त साचतं. फ्लोराइड असलेली पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. जोर लावू नका. जोराने थर जास्त निघत नाही, हिरडी मात्र खरवडली जाते.

ब्रश कितीही चांगला असला तरी दोन दातांच्या मधल्या फटीत तो पोचत नाही, आणि हिरड्यांचा आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. म्हणून माझं स्पष्ट मत: दिवसातून एकदा फटी साफ करणं हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं घरगुती काम आहे. फट असेल तिथे इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा बारीक ब्रश. तो आत जाताना थोडा घट्ट वाटला पाहिजे, पण तार घासता कामा नये. एकाच तोंडात दोन-तीन साईझ लागू शकतात, पहिल्यांदा दंतवैद्याकडून मापून घ्या. दात अगदी चिकटून असतील तिथे फ्लॉस. वेळ रात्रीची बरी, कारण झोपेत लाळ कमी होते.

पहिल्या आठवड्यात रक्त जास्त येईल. बहुतेक जण घाबरून इथेच थांबतात. थांबू नका. सुजलेली हिरडी स्पर्शाने रक्ताळते, आणि थर निघत राहिला, की एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होताना दिसतं. तसं झालं नाही, तर खाली किटण आहे किंवा खोबण खोल आहे, असं समजा.

माउथवॉशबद्दल जरा थांबून सांगायला हवं. जिभेच्या मागच्या भागावरचे काही जिवाणू पालेभाज्या आणि बीट यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. ते रक्तवाहिन्या सैल ठेवायला आणि इन्शुलिनच्या कामाला मदत करतं. पोर्तो रिकोमधल्या जाड किंवा जादा वजनाच्या प्रौढांच्या अभ्यासात, दिवसातून दोनदा किंवा जास्त माउथवॉश वापरणाऱ्यांना तीन वर्षांत प्रीडायबेटिस किंवा मधुमेह होण्याचं प्रमाण, त्याहून कमी वेळा वापरणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ५५ टक्क्यांनी जास्त होतं. हे निरीक्षण आहे, त्याने कारण सिद्ध होत नाही. पण जंतुनाशक माउथवॉशने ब्रशचं काम होत नाही आणि चांगले जिवाणूही मरतात, तेव्हा तो रोज आयुष्यभर वापरण्यात मला शहाणपण दिसत नाही. उपचारानंतर दंतवैद्याने क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक दिलं, तर सांगितलेल्या दिवसांपुरतं जरूर वापरा. जीभ साफ करा, पण हलक्या हाताने.

पायरी ४: खोल सफाई

याला दवाखान्यात डीप क्लीनिंग किंवा स्केलिंग आणि रूट प्लेनिंग म्हणतात. हिरडी बधिर करून खोबणीच्या आतलं, मुळांवरचं किटण काढतात. एका किंवा अनेक भेटींत होतं. अँटिबायोटिक सरसकट लागत नाही, स्वतःहून मागू नका.

मधुमेह असेल तर सकाळची वेळ घ्या. नेहमीप्रमाणे खाऊन, औषधं घेऊन जा. ग्लुकोमीटर आणि चटकन घेता येईल असं काही गोड सोबत ठेवा. बधिरपणा उतरायच्या आत खाल्लं तर गाल चावला जातो, आणि खाणं लांबलं तर साखर उतरते, म्हणून जेवणाची वेळ आधी ठरवा.

पहिले एक-दोन दिवस अंग जड वाटलं किंवा साखर थोडी चढली, तर दचकू नका. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांच्या अभ्यासात सखोल उपचारानंतर २४ तासांनी दाह वाढला आणि रक्तवाहिन्यांचं काम तात्पुरतं बिघडलं. सहा महिन्यांनी मात्र तेच काम उपचार न झालेल्या गटापेक्षा सुधारलं होतं.

'सफाईने दात हलू लागतात' ही समजूत फार पसरलेली आहे. झिजलेल्या हाडाची जागा किटणाने भरलेली असते. ते काढल्यावर मूळ नुकसान दिसू लागतं, एवढंच. सूज उतरून हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात, थंड पाणी झोंबतं. झोंबणं सहसा काही आठवड्यांत कमी होतं.

पायरी ५: तीन महिन्यांनी तोच कागद

लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते आणि एचबीए१सी त्याच काळाचा हिशेब सांगतो. म्हणून तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा करण्यात अर्थ नाही. त्याच सुमारास खोबणी पुन्हा मोजून घ्या. रक्त न येणारी, ४ मिलिमीटर किंवा कमी खोबण हे उद्दिष्ट. ६ मिलिमीटर किंवा जास्त खोल खोबणी उरल्या असतील तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जा, तिथे लहान शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

खोबणी सुधारल्या आणि साखरही उतरली, तर इन्शुलिन किंवा साखर खाली ओढणाऱ्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. खोबणी सुधारल्या, पण साखर तिथेच राहिली, तर तुमच्या रेझिस्टन्सची मोठी मुळं दुसरीकडे आहेत: पोटाची चरबी, अपुरी झोप, हालचालीचा अभाव, एखादं औषध. दात वाचले, ही कमाई तरीही तुमचीच. दोन्ही सुधारलं नाही, तर पायरी ३ मध्ये गळती आहे का, ते प्रामाणिकपणे पाहा.

पायरी ६: राखण

हा आजार आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, मग स्थिती पाहून जास्तीत जास्त वर्षभराच्या अंतराने तपासणी. तंबाखू सोडणं या सगळ्यापेक्षा मोठं काम आहे आणि त्यासाठी मदत घेण्यात कमीपणा नाही. तोंड सतत कोरडं पडत असेल तर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, बरीच औषधं लाळ कमी करतात.

इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) असेल तर त्याच्याभोवतीही असाच दाह होतो, त्याचीही मापं घ्यायला सांगा. आणि सूज उतरली, की दातांमधल्या फटी आधीपेक्षा मोकळ्या होतात. तेव्हा पहिल्या दिवशी घट्ट बसणारा इंटरडेंटल ब्रश आता नुसताच आत-बाहेर फिरेल. पुढच्या भेटीत मोठा साईझ मापून घ्या.